तासबुलाकचा दाखला

एकोणीस वर्षं मी तासबुलाकच्या ग्राम सोव्हिएतचा सचिव होतो. त्या काळात वरून सांगितलं म्हणून किती खोटे दाखले दिले, ते मला आठवतही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांची फारशी लाजही वाटत नाही. सगळेच देत होते. पण एक दाखला मी अगदी खरा समजून, कपाट उघडून, कार्डं दोनदा तपासून दिला, आणि नेमका त्यानेच कुलांदाचा संसार बुडवला. म्हणून हे लिहायला बसलोय. माझी बायको मारियाश म्हणते, "आता लिहून कुणाचं भलं होणार आहे?" कुणाचंच नाही. तिला म्हटलं, तू चहा टाक.

माझ्या कचेरीत खुर्चीमागे एक मोठं रंगीत चित्र होतं. मॉस्कोचा मोठा माणूस आणि पेकिंगचा मोठा माणूस हातात हात घेऊन उभे, मागे कारखाने आणि गव्हाची शेतं. खाली लिहिलेलं, 'कायमचे भाऊ'. साठ साली जिल्ह्याहून फोन आला, चित्र उतरवा. का, ते सांगितलं नाही. दोघांत थोरला कोण यावरून बिनसलंय, एवढं आम्ही आपलं रेडिओच्या सुरावरून ताडलं. चित्र उतरवल्यावर भिंतीवर फिकट चौकोन राहिला. आठवड्याने त्या चौकोनावर चुना मारायचाही हुकूम आला. जगातल्या दोन बलाढ्य सत्तांचं भांडण आमच्या गावात असं चुन्याच्या बादलीतून आलं.

भांडण त्यांचं, पण नदी आमची. खोर्गोस नदीच्या पलीकडे, चीनमध्ये राहणारे कझाक काही परके नव्हते. तीसच्या दशकातल्या दुष्काळात आमच्यातलेच लोक जीव वाचवायला तिकडे गेले होते. माझे दोन मामा त्यांत होते. बासष्टच्या वसंतात तिकडे खायचे वांधे झाले, कम्यूनचा जाच वाढला, आणि इकडच्यांनी 'या, आपल्या घरी या' असं गुपचूप कळवून दार उघडं ठेवलं. लोक लोंढ्याने यायला लागले. बैलगाड्या, घोडागाड्या, उंट, कडेवर पोरं, पाठीवर पातेली. मला आणि शाळेतल्या दोन मास्तरांना रस्त्याकाठी झाडाखाली टेबलं टाकून बसवलं आणि सांगितलं, नावं लिहा. दिवसाला तीन-तीनशे नावं व्हायची. हात इतका दुखायचा की संध्याकाळी चहाचा पेला उचलवत नसे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कुलांदा माझ्या टेबलाशी आली. चोवीस-पंचवीसची असेल. मागे तिची घोडागाडी, गाडीत तापाने फणफणलेला सासरा, आणि पदराला दोन पोरं.

"नाव?"

"कुलांदा."

"मुलांची?"

"ही रायखान, पाचवं लागलंय. हा एसेन, दोन वर्षांचा."

"नवऱ्याचं नाव?"

ती खाली बघायला लागली. मला लगेच उमगलं. आमच्याकडे सून नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, दिरांचंसुद्धा घेत नाही. लग्न होऊन आली की घरातल्या प्रत्येक पुरुषाला ती आपलं असं एक आदराचं नाव ठेवते आणि जन्मभर तेच वापरते. मारियाश माझ्या वडिलांना 'थोरली दाढी' म्हणायची. मला आजही 'मास्तर' म्हणते. मी मास्तर होतो फक्त दोन वर्षं, तेही वाईट. बाईच्या नवऱ्याचं नाव कुणाला हवं असेल, तर त्याने जवळच्या एखाद्या पुरुषाला विचारावं, अशी रीत आहे.

"बरोबर कुणी आहे का सांगणारं?" मी विचारलं.

"कुणी नाही. आमच्या वस्तीतले लोक वरच्या वाटेने गेले. आमचे हे आम्हाला नदीपार सोडून परत गेलेत, सासूबाईंना आणायला. तीन दिवसांत येतो म्हणालेत."

"मग सासऱ्यांना विचारू?"

"त्यांना शुद्ध नाही, आगा. पण ऐकू येतंय त्यांना." मला आगा, म्हणजे थोरला दादा म्हणत तिने आवाज अगदी खाली आणला. "त्यांच्या कानांवर मी कसं घेऊ त्यांच्या मुलाचं नाव? आजच्या दिवशी?"

शेजारच्या टेबलावर जिल्ह्याहून आलेला एक रशियन कारकून बसला होता. "नाव घेत नाही म्हणजे काय? तोंड शिवलंय का?" असा तो दर दहा मिनिटांनी खेकसायचा, आणि बायका मुसमुसत नावं सांगून टाकायच्या. मला त्याची किळस यायची. आपल्या माणसांची रीत कळत नाही, आणि निघाले राज्य करायला, असं मी मनात म्हणायचो.

"घरात काय म्हणतेस त्यांना?" मी विचारलं.

तिचा चेहरा लाल झाला. "मिर्झा."

"मग आत्ता मिर्झा लिहितो. खरं नाव मागाहून कुणा पुरुषाला विचारून भरून टाकू."

"फार उपकार झाले, आगा," ती म्हणाली.

मी लिहिलं, मिर्झाची म्हणून मिर्झायेवा कुलांदा, मुलगी रायखान, मुलगा एसेन. आपण एका बाईची अब्रू राखली म्हणून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. तिला वाटलं, आता हे पुरुष आपसांत विचारून खरं नाव लिहितील. मला वाटलं, तिचा नवरा तीन दिवसांत येईलच, तोच सांगेल.

चौथ्या दिवशी सीमा बंद झाली. पलीकडे गोळीबार झाला म्हणे. मग काटेरी तारा आल्या, मनोरे आले, कुत्री आली. सासऱ्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं, तो तिथेच शुद्धीवर न येता गेला. नवरा आला नाही. कुलांदाला तासबुलाकमध्येच बिटाच्या शेतावर काम आणि कालव्याकाठी एक खोली मिळाली. पासपोर्टवर मिर्झायेवा, रेशनवर मिर्झायेवा, शाळेच्या हजेरीत मिर्झायेव. ते नाव मी इतक्यांदा लिहिलं, की पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं. 'मागाहून' विचारायचं राहिलं ते राहिलंच.

त्रेसष्टच्या जुलैमध्ये जिल्ह्याहून एक साहेब एक यादी घेऊन आला. पलीकडच्या सरकारने पाठवलेली, कितीतरी हातांतून फिरून आलेली. सतरा पुरुषांची नावं. यांची कुटुंबं तुमच्याकडे तासबुलाकला आली असं कळतं, तर पत्ता कळवावा. बायकांची नावं त्यात नव्हती. सरकारं एकमेकांशी बोलतात, तेव्हा बायका आणि पोरं सगळी 'कुटुंब' या एका शब्दात बसतात.

"हे बघ, आबिल्दा," साहेब खुर्ची ओढून म्हणाला, "त्यांना ही माणसं परत ओढायची आहेत. सतराच्या सतरांना 'नोंद नाही' असा दाखला द्यायचा. वेगवेगळा, गावाच्या शिक्क्याने."

"पण साहेब, यातली काही इथे असतीलही..."

"मी काय म्हणालो?"

"नोंद नाही."

"शहाणा आहेस."

सतरा दाखले लिहिले. पण साहेब गेल्यावर मी कचेरीचं दार लावून कार्डांचा खण उघडला आणि एकेक नाव शोधलं. सहा सापडली. त्या लोंढ्यातून आलेल्या दामेलीचा नवरा होता, बाकीच्या पाच जणींचे होते. उरलेली अकरा नावं खणात नव्हती, ती कुटुंबं दुसऱ्या गावांत गेली असणार असं मी धरून चाललो. त्यात एक होतं, 'ओतेगेन, किदिरबायचा मुलगा'. 'क' मध्ये पाहिलं, 'ओ' मध्ये पाहिलं, दोनदा पाहिलं. नाही. त्या अकरा दाखल्यांपुरतं तरी आपण खोटं लिहिलेलं नाही, असं म्हणून मी खण बंद केला.

मग दोन दिवस मी गवत कापणीच्या शिवारात हिंडत राहिलो, देखरेखीच्या निमित्ताने. एकेका बाईला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणापाशी बोलायचं नाही. तुझा माणूस जिवंत आहे. तुम्हाला विचारतोय." सहाही जणी गवताच्या गंजीमागे जाऊन रडून आल्या आणि काहीच झालं नसल्यासारख्या पुन्हा कामाला लागल्या. पकडलो गेलो असतो तर माझी रवानगी कुठे झाली असती ते सांगायला नको. मी स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी कुलांदा हातात दाताळं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. त्या सहा जणींचे चेहरे तिने वाचले असणार.

"आगा, आमच्यांचं काही?"

"नाही गं. तुझ्या माणसाचं नाव नव्हतं."

"नीट पाहिलंत?"

"एकदा सोडून दोनदा पाहिलं."

खरंच पाहिलं होतं मी. यादीत मिर्झा आहे का, ते दोनदा पाहिलं होतं. ती म्हणाली, "तीन दिवसांत येतो म्हणाले होते," आणि मागे वळून गवत ओढायला लागली. मी तिला दुसरं काही विचारलं नाही. एवढंच विचारायचं होतं, की बाई, त्याचं खरं नाव काय? आणि समोर शेतात निदान चाळीस पुरुष काम करत होते.

त्या दिवसापासून ती रस्त्याकडे बघायची बंद झाली. लग्नाकार्यात, सणावारी त्या सहा जणी एका कोपऱ्यात जमायच्या, आपापल्या माणसांच्या आठवणी काढायच्या. कुलांदा तिकडे फिरकत नसे. झुमाकान ट्रॅक्टरवाला विधुर होता, चांगला माणूस होता. त्याने तिला मागणी घातली, तेव्हा ती म्हणाली, "एकाने मला विचारलं नाही, तेवढं एका जन्माला पुरे." झुमाकानने ते सगळीकडे सांगितलं आणि गाव हसलं. मीही हसलो.

पोरं मोठी झाली तशी बापाबद्दल विचारायला लागली. तिने लपवलं नाही. "सहा जणींच्या नवऱ्यांनी विचारलं. तुमच्या बापाने विचारलंसुद्धा नाही," असं सरळ सांगितलं. रायखानने ते ऐकून सोडून दिलं. एसेनच्या मनात ते रुतून बसलं. शाळेत कुणी 'बापाचं नाव लिहा' म्हटलं, की तो रेघ मारायचा.

एकोणसत्तर साली दोन्ही देशांचे सैनिक सीमेवर एकमेकांवर खरोखरच गोळ्या झाडायला लागले. आमच्या बिटाच्या शेतातून रणगाडे गेले. गावातल्या सहा जणींनी तेव्हा कुणालाही न सांगता उपास धरले, कारण पलीकडे त्यांची माणसं होती. कुलांदा म्हणाली, "मला काय, माझं तिकडे कुणी नाही."

एकोणऐंशीला एसेनला सैन्याचं बोलावणं आलं. निघताना रीतीप्रमाणे त्याने भाकरीचा एक घास तोडला, उरलेली भाकरी, तो परत येऊन खाईल म्हणून, कुलांदाने तुळईला टांगली. मी निरोप द्यायला गेलो होतो. मला दाराबाहेर नेऊन तो म्हणाला, "आगा, एक विचारू? दामेलीआईच्या नवऱ्याला एका चिठ्ठीपुरती आठवण झाली. आमच्या बाबांना काय झालं होतं?"

"जमलं नसेल रे. तिकडे तरी कुठे सुख होतं?"

"जमलं नसेल?" तो हसला. "मी त्यांना कधी माफ करणार नाही."

मी त्याच्या पाठीवर थोपटलं. असा शहाणा मी. तो अफगाणिस्तानला गेला, आणि एक्क्याऐंशीत जस्ताच्या बंद पेटीतून परत आला. पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. कुलांदा रडली नाही. पेटीवर हात ठेवून बसून राहिली, आणि सगळे गेल्यावर तिने आम्हाला चहा दिला.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात रेडिओवर आलं, की मॉस्कोचा मोठा माणूस पेकिंगला गेला, हात मिळवले, भांडण मिटलं. माणसं नवी होती, हात मिळवणं तेच. आता कुणाकडे चित्र लावायला भिंत रिकामी नव्हती. पण ऑगस्टमध्ये पलीकडच्या नातेवाइकांची पहिली बस आमच्या गावात आली, आणि खरं सांगतो, मीही रस्त्यावर जाऊन पोरासारखा हात हलवला.

बसमधून दामेलीचा नवरा उतरला, काठी टेकत. सत्तावीस वर्षांनी. दामेलीने त्याला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "इतका कसा वाळलास?" सगळं गाव तिच्या अंगणात लोटलं. मेंढ्या कापल्या, कढया चढल्या. कुलांदाही मदतीला होती. आपल्या घराच्या अंगणात चूल पेटवून ती पाहुण्यांसाठी पिठाचे गोळे तळत होती, आणि पोरी टोपल्या भरून नेत होत्या.

जेवणानंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. बावीस-तेवीसचा, साइलाव नावाचा. बसमधल्या लोकांबरोबर आला होता, पण इथे त्याचं कुणी नव्हतं.

"आगा, तुम्ही इथे सचिव होता म्हणतात."

"होतो. त्याबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर रांगेत उभा राहा."

तो हसला नाही. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. घड्यांवर फाटलेला. तासबुलाकचा गोल शिक्का, आणि माझं अक्षर. 'ओतेगेन, किदिरबायचा मुलगा, यांच्या कुटुंबाची गावात नोंद नाही.'

"हे माझे वडील," तो म्हणाला. "बासष्टमध्ये त्यांची पहिली बायको, दोन मुलं आणि माझे आजोबा इकडे आले. त्यांची गाडी तासबुलाककडे जाताना कुणीतरी पाहिली होती. पण तुमचा हा कागद आला. तेव्हा सगळ्यांनी धरलं, की वाटेत नदीला पाणी होतं, त्यात गेले. निदान ती कुठे बुडाली असतील ती जागा बघून ये, दोन शब्द प्रार्थनेचे म्हण, असं बाबा मरताना म्हणाले. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

"आजोबांना ताप होता?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"घरात बायका तुझ्या वडिलांना काय म्हणायच्या?"

"काकू वगैरे? मिर्झा म्हणायच्या. का हो, आगा?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी त्याला सगळं विचारून घेतलं. ओतेगेनने त्रेसष्टमध्ये विचारलं होतं. त्याचा माझ्या दाखल्यावर विश्वास बसला नाही, म्हणून चौसष्टमध्ये पुन्हा विचारलं, पासष्टमध्ये पुन्हा. त्या दोन पत्रांना उत्तरच आलं नाही. मग वडीलधाऱ्यांनी त्याला बसवून समजावलं, चौघांच्या नावाने प्रार्थना झाली, चाळिसाव्या दिवसाचं जेवण घातलं गेलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे मेलेल्या थोरल्या भावाची विधवा त्याच्या पदरात टाकली. साइलाव तिचा मुलगा. पुढे तिकडे दंडाला लाल पट्टा बांधलेल्या पोरांचं, रेड गार्डांचं राज्य आलं, तेव्हा शत्रूच्या देशात तीन पत्रं पाठवली म्हणून ओतेगेनला तीन वर्षं छावणीत दगड फोडायला लावलं.

"तू इथेच बस," मी साइलावला म्हटलं. "उठू नकोस."

कुलांदाचं अंगण तिथून शंभर पावलांवर. ती शंभर पावलं चालणं माझ्या जिवावर आलं. ती कढईपुढे उकिडवी बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं? पीठ कमी पडलं?"

"कुलांदा, त्यांनी विचारलं होतं."

"कुणी?"

"एसेनच्या वडिलांनी. त्रेसष्टमध्येच. यादीत नाव होतं. ओतेगेन, किदिरबायचा मुलगा. मी मिर्झा शोधत बसलो."

तिने कढईतले गोळे झाऱ्याने एकेक करून बाहेर काढले. जळले असते ना. मग कढई खाली उतरवली.

"एकदा?" तिने विचारलं.

"तीनदा."

मी सगळं सांगितलं. दाखला, चाळिसावा, छावणी, तो मुलगा, आणि शेवटी ते तीन वर्षांपूर्वी गेले हे. काही गाळलं नाही. गाळायचा अधिकार मला आता राहिला नव्हता.

"माझा चाळिसावा घातला?" ती म्हणाली.

"तुम्हा चौघांचा."

"आणि मी इथे बसून सव्वीस वर्षं त्यांना शिव्या घातल्या." ती हातावरचं पीठ खरवडत राहिली. "आगा, त्या दिवशी तुमच्या शेजारच्या टेबलावर तो रशियन होता ना, खेकसणारा?"

"होता."

"मी आधी त्याच्या रांगेत होते. तो बायकांवर ओरडताना ऐकलं, घाबरले, आणि रांग सोडून तुमच्याकडे आले. म्हटलं, हा आपला माणूस दिसतोय, समजून घेईल. तो ओरडला असता, मी रडले असते, आणि नाव सांगून मोकळी झाले असते."

मला वाटलं होतं ती मला मारेल, झाऱ्याने मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून 'माफ कर' एवढंही निघालं नाही, इतकं ते लहान होतं.

"त्या मुलाला आणा," ती म्हणाली.

साइलाव आला तेव्हा त्याला मी वाटेत सांगितलं होतं, आणि त्याचे डोळे सुजले होते. तो वाकला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा वास घेतला, जसा आपल्या पोराचा घेतात तसा. मग त्याला लांब धरून न्याहाळलं.

"तुझी आई कशी आहे?"

"बरी आहे, आई."

"त्यांना नीट सांभाळलं ना तिने? छावणीतून आल्यावर?"

"हो. पाठ दुखायची त्यांची. ती रोज चोळायची."

"बरं झालं," कुलांदा म्हणाली, आणि डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "चला. एसेनकडे जायचंय."

दफनभूमी टेकडीवर आहे. ऊन उतरायला लागलं होतं, खाली दामेलीच्या अंगणातून गाण्याचा आवाज येत होता. दगडावर एसेनचा सैनिकी वेशातला फोटो, आणि खाली अक्षरं. पलीकडच्यांची लिपी वेगळी, साइलावला आमची वाचता येत नव्हती.

"काय लिहिलंय, आगा?"

मला वाचावं लागलं. "मिर्झायेव एसेन. एकोणीसशे साठ ते एक्क्याऐंशी."

दगड महागातला होता, अक्षरं खोल कोरलेली होती. पैसे मीच गोळा केले होते.

कुलांदाने दगडाच्या माथ्यावर हात ठेवला. "एसेन," ती रोजच्यासारख्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बाबांनी विचारलं होतं रे. तीनदा विचारलं. त्यापायी छावणीत गेले. मी तुला भलतंच सांगितलं, राजा. मला माहीत नव्हतं." ती थोडा वेळ थांबली, जणू तो काही म्हणेल. मग माझ्याकडे वळली. "आगा, तुम्ही सांगा त्याला. माझं तो ऐकायचा नाही. राग धरायला माझ्याकडूनच शिकलाय."

मी गुडघे टेकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने बोललो, लिहिलं, शिक्के मारले. त्या पोराला सांगायचं एक वाक्य होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडेना. मी नुसता रडत बसलो.

शेवटी साइलाव माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने दगडावरचा फोटो बोटांनी पुसला.

"एसेन-आगा," तो म्हणाला, "मी साइलाव, तुझा धाकटा भाऊ. आपल्याला अजून एक भाऊ आहे. बाबा छावणीतून सुटून आले त्या साली झाला. बाबांनी त्याचं नाव एसेन ठेवलं. ते दिवसातून शंभरदा हाक मारायचे त्याला, काम असो नसो. आम्ही चिडायचो. अशी हाक का मारतात ते आम्हाला आई एकटीच सांगू शकली असती, पण तीही कधी बोलली नाही."

कुलांदा एकोणीस वर्षांची लग्न होऊन आली, चोविसाव्या वर्षी इकडे आली, एक्केचाळिसाव्या वर्षी मुलाला निरोप दिला. यातल्या कुठल्या दिवशी ती रडली असेल तर मला माहीत नाही. माझ्यासमोर कधी रडली नव्हती. त्या संध्याकाळी ती त्या टेकडीवर आडवी पडून इतकी मोठ्याने रडली, की खाली दामेलीच्या अंगणातलं गाणं थांबलं, आणि लोक घराबाहेर येऊन वर बघायला लागले.